साथीला कोण आहे ते बघा : देशोदेशींच्या अनोळखी वादक-गायकांपर्यंत पोहोचायची वाट

सवाईच्या मांडवात बसलं की माझी नजर आधी मागे जाते. तानपुऱ्यावर कोण बसलंय? गाणं रंगात आलं की गुरू किंचित मान वळवतात आणि मागून एक कोवळा आवाज दोन-चार आवर्तनं सांभाळून नेतो. निवेदक साथीदारांची नावं सांगतात तेव्हा निम्मा मांडव चहाकडे निघालेला असतो. मी ते नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतो. चार-पाच वर्षांनी तेच नाव एखाद्या छोट्या मंडळाच्या पत्रिकेवर दिसतं, आणि चाळीस माणसांच्या बैठकीत तो आवाज अगदी समोर बसून ऐकायला मिळतो.

जगभरातलं अनोळखी संगीत शोधायची माझी पद्धत याच सवयीतून आली. आवडलेल्या गाण्यात साथीला कोण आहे ते वाचायचं आणि त्या माणसाचं बोट धरून पुढच्या घरी जायचं. गाणी सुचवणारी अ‍ॅप मुख्यतः एकच गोष्ट बघतात : हे ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात. ज्याला अजून कुणी ऐकलेलंच नाही, तो त्या हिशेबात येणार कसा? पण त्याचं नाव कुठल्या ना कुठल्या अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचणं आपल्या हातात आहे.

आणखी एक. ‘अनोळखी’ हा शब्द मी आपल्या बाजूने वापरतोय. पुढे ज्यांची नावं येतील त्यांच्यातले काही जण आपापल्या देशात घराघरांत ठाऊक आहेत. त्यांची गाठ पडली नव्हती ती आपली.

एक वही आणि एक आवडता अल्बम

वही साधी शंभर पानी चालेल. एका पानावर एकच माणूस : नाव, वाद्य, गाव, कुणाबरोबर वाजवलं, कुठल्या कंपनीने काढलं, आणि मी कधी ऐकलं. मोबाइलवरही लिहिता येईल, पण वहीत पानं मागे-पुढे उलटताना एकच नाव दोन ठिकाणी आलेलं चटकन दिसतं, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

सुरुवात कुठल्याही ‘वर्ल्ड म्युझिक’च्या यादीपासून करू नका. पन्नास देशांची पन्नास गाणी एका दमात ऐकली तर दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. तुम्हाला मनापासून आवडतो असा एकच अल्बम घ्या. तो नाट्यगीतांचा असेल, जॅझचा असेल, कव्वालीचा असेल. त्याची सगळी श्रेयनामावली वाचा. मुख्य नाव सोडून बाकीची नावं वहीत उतरवा.

माझ्या वहीतला एक माग इथे उलगडून दाखवतो.

जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट. गिटारला जादा तारा चढवून त्यांनी मोहनवीणा घडवली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर त्यांनी केलेला ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ १९९३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामध्ये एका चॅपेलमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं. दोघं वाजवायला बसले तेव्हा त्यांची ओळख अगदी ताजी होती. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते आणि डंबेक या अरबी बाजाच्या तालवाद्यावर कूडर यांचा शाळकरी मुलगा.

इथे दोन वाटा फुटतात. तबल्याचं नाव धरलं तर पंजाबाकडे जाल. मी कूडर यांचं नाव धरलं. १९९४ मध्येच त्यांचा आणखी एक अल्बम आला, ‘टॉकिंग टिंबक्टू’, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या अली फार्का तूरे यांच्याबरोबर. तूरे नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचे. गिटार वाजवणारे आणि तितक्याच जिव्हाळ्याने शेती करणारे. त्यांची गिटार ऐकताना अमेरिकन ब्लूज आठवतो, पण ते स्वतः ठासून सांगत की हे सगळं मुळात आमच्याकडचं आहे.

आता त्याच अल्बमच्या साथीदारांकडे या. कलाबाशवर हामा सांकारे. कलाबाश म्हणजे अर्धा कापलेला वाळका भोपळा. तो पालथा घालून हाताने ठोकतात. आपल्याकडे भोपळ्याचा तानपुरा होतो, तिथे भोपळा ताल धरतो. सांकारे यांनी आयुष्यभर इतरांच्या मागे बसून तो ताल धरला. २०१८ मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला आणि २०२० मध्ये मालीत रस्त्यावर झालेल्या स्फोटात ते गेले. ‘टॉकिंग टिंबक्टू’ आवडलेल्यांपैकी किती जणांनी तो २०१८चा अल्बम ऐकला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. त्यांचं नाव तर पहिल्यापासून छापलेलं होतं.

तूरे यांचं बोट धरून पुढे गेलं की २००५चा ‘इन द हार्ट ऑफ द मून’ लागतो. त्यात त्यांच्याबरोबर तुमानी जाबाते आहेत, कोरा या पश्चिम आफ्रिकेतल्या तारवाद्याचे थोर वादक, २०२४ मध्ये निवर्तले. जाबाते यांच्याकडून मागे, १९९९च्या ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’कडे जा. तिथे दोनच कोरा आहेत, दुसरा बालाके सिसोको यांचा. ‘नव्या प्राचीन तारा’ असं विचित्र नाव का? तर या दोघांच्या वडिलांनी १९७०च्या सुमारास ‘प्राचीन तारा’ नावाची रेकॉर्ड केली होती. मुलांनी तिला दिलेलं हे उत्तर. घराण्याची परंपरा आपल्याला काय नवी! आणि मग सिसोको यांनी फ्रेंच चेलोवादक व्हँसाँ सेगाल यांच्याबरोबर केलेला २००९चा ‘चेंबर म्युझिक’.

जयपूरहून निघालो, कॅलिफोर्नियामार्गे नियाफुंके, मालीची राजधानी बामाको आणि शेवटी एका फ्रेंच चेलोपाशी. हा सगळा प्रवास फक्त नावं वाचून झाला.

नावं कुठे वाचायची

कॅसेटच्या डबीत घडीचा कागद असायचा, सीडीला पुस्तिका असायची. आता गाण्याच्या अ‍ॅपमध्ये तीन टिंबांवर दाबून ‘क्रेडिट्स’ उघडावी लागतात, आणि पुष्कळदा तिथे गीतकार-संगीतकार आणि निर्मात्यापलीकडे काही नसतं. म्हणून डिस्कॉग्ज वापरा. २०००पासून चाललेली ही रेकॉर्डींची नोंदवही आहे, जगभरच्या संग्राहकांनी भरलेली. अल्बम शोधा आणि खाली साथीदारांच्या नावांवर जा. एखाद्या नावावर दाबलं की त्या माणसाने जिथे जिथे वाजवलं त्या सगळ्या रेकॉर्डी उलगडतात. मुख्य कलाकार म्हणून आलेल्या वेगळ्या, वादक म्हणून आलेल्या वेगळ्या. तुम्हाला हवी असते ती ही दुसरी यादी. तिथे नोंद सापडली नाही तर म्युझिकब्रेन्झ या अशाच दुसऱ्या नोंदवहीत बघा.

हे काम घाईत होत नाही. मी आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला देतो आणि एका संध्याकाळी दोनच नावांचा माग काढतो.

कंपनी बघा, मालिका बघा

काही छोट्या कंपन्या अशा असतात की त्यांचं एक काम आवडलं तर बाकीचंही डोळे मिटून ऐकावं. त्यांच्यामागे बहुधा एकच वेडा माणूस असतो.

फोकवेज हे पहिलं नाव. मोझेस ऍश यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली आणि जगभरचं लोकसंगीत, पाळणे, कामाची गाणी, अगदी बेडकांचे आवाजसुद्धा तिच्यातून निघाले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने ती घेतली. त्या वेळची अट अशी, की दोन हजारांहून जास्त रेकॉर्डींपैकी एकही खप नाही म्हणून बंद करायची नाही. त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या रेकॉर्डींबरोबरच्या टिपण-पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. गाण्याआधी ती पुस्तिका वाचा : कोण गातंय, कुठल्या प्रसंगी, वाद्य कसं बनवलंय. माझ्यासाठी तर निम्मं संगीत तिथेच उघडतं.

दुसरी ‘एथिओपिक’ ही इथिओपियाच्या संगीताची मालिका, फ्रान्सच्या फ्रान्सिस फाल्सेतो यांनी संपादित केलेली. तिच्या चौथ्या भागात इथिओपियन जॅझचे मुलातू अस्तातके भेटतात. पण तुम्ही एकविसावा भाग आधी ऐका, असं मी आग्रहाने सांगेन. त्यात फक्त पियानो आहे. वाजवणाऱ्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या जोगीण होत्या. १९२३ मध्ये अदिस अबाबात जन्मल्या, तरुणपणी युरोपीय पियानो शिकल्या, मग मठात गेल्या आणि २०२३ मध्ये जेरुसलेममध्ये निवर्तल्या. त्यांच्या पियानोला युरोपीय वळण आहे आणि इथिओपियाच्या जुन्या स्वरपंक्तीही आहेत. लय ठरीव चालत नाही, श्वासासारखी थांबते आणि पुन्हा चालू लागते. रात्री उशिरा, दिवा मालवून ऐका.

इथिओपियाचीच दुसरी कथा हायलू मर्गिया यांची. अदिस अबाबातल्या वालियास बँडचे हे कीबोर्डवादक अमेरिकेत गेले आणि १९८५ मध्ये त्यांनी अ‍ॅकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो आणि सिंथेसायझर एकट्याने वाजवून एक कॅसेट केली. पुढे ते वॉशिंग्टनला टॅक्सी चालवू लागले. गिऱ्हाइकाची वाट बघताना गाडीत कीबोर्ड काढून रियाज करायचे. ब्रायन शिमकोविट्झ नावाच्या अमेरिकन तरुणाला ती कॅसेट इथिओपियातल्या बहिर दारच्या दुकानात सापडली. त्याने मर्गिया यांना शोधून फोन केला आणि २०१३ मध्ये ती कॅसेट पुन्हा प्रसिद्ध झाली. त्यानंतर मर्गिया पुन्हा देशोदेशी वाजवू लागले. शिमकोविट्झच्या कंपनीचं नाव ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’. तिची सगळी यादी एकदा नजरेखालून घाला.

सहाराच्या वाळवंटातल्या संगीतासाठी ‘साहेल साउंड्स’. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी मोबाइलची दुकानं आपल्या तालुक्याच्या गावी होती ना, वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळायचं? तसाच व्यवहार सहाराच्या गावांत चालायचा. ख्रिस्तोफर कर्कली यांनी तिथल्या फोनवर फिरणारी गाणी गोळा केली आणि त्यांचा संग्रह २०११ मध्ये रेकॉर्डवर आणला. त्यातलाच एक आवाज नायजरच्या एमदू मोक्तार यांचा. पहिली गिटार त्यांनी स्वतः बनवली होती, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. आज ते जगभरच्या रंगमंचांवर वाजवतात.

आपल्याकडे दिल्लीच्या अमारास कंपनीने राजस्थानच्या मांगणियार कलाकारांचं असंच काम केलं आहे. सिंधी सारंगीचे लाखा खान तिथे नक्की ऐका.

रेडिओ, पण त्या गावच्या घड्याळाने

रेडिओ गार्डन या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचं. त्या गावचं केंद्र थेट वाजू लागतं. बहुतेक लोक पाच मिनिटांत वीस देश फिरून कंटाळतात. तुम्ही एकच गाव धरा आणि महिनाभर ऐका.

तिथली वेळ बघून ऐका. केप व्हर्द बेटांवरचं प्राया आपल्यापेक्षा साडेसहा तासांनी मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे दुपारचे चार. बामाको साडेपाच तासांनी मागे, म्हणजे तिथला रात्री अकराचा कार्यक्रम आपण पहाटे साडेचारला उठून ऐकायचा. अदिस अबाबा फक्त अडीच तास मागे आहे, नोकरीधंदा सांभाळून ते सगळ्यात सोपं. सकाळच्या बातम्यांच्या वेळी लावलंत तर हाती काही लागणार नाही. रविवार सकाळ आणि रात्री उशिराची वेळ बरी.

गाणं आवडलं की शझाम हे गाणी ओळखणारं अ‍ॅप लावून बघा. अशा संगीतात ते पुष्कळदा हात टेकतं. तेव्हा केंद्राचं नाव आणि वेळ वहीत टिपा, शक्य असेल तर निवेदकाने घेतलेलं नाव जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत उच्चार बऱ्यापैकी नेमका उतरतो आणि नंतर शोधताना त्याचा फार उपयोग होतो.

शोध त्यांच्या लिपीत घ्या

ही युक्ती मला उशिरा सापडली आणि तिने सगळ्यात जास्त दिलं. इंग्रजीत शोधलं की इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी जे आधीच शोधलंय तेच मिळतं. विकिपीडियावर त्या वाद्याचा किंवा गायनप्रकाराचा लेख उघडा, भाषांच्या यादीतून तिथली भाषा निवडा, आणि लेखाचं शीर्षक त्या लिपीत जसंच्या तसं उचलून यूट्यूबवर टाका. अम्हारिक, फारसी, जॉर्जियन, थाई, काहीही असो, वाचता येण्याची गरज नाही. लग्नातलं चित्रण, गावच्या दुकानाने टाकलेल्या जुन्या कॅसेटी, शंभर-दोनशे लोकांनीच पाहिलेले व्हिडिओ समोर येतात.

जिथे फ्रेंचांचं राज्य होतं तिथली नावं फ्रेंच वळणाने लिहिलेली असतात : ‘उ’साठी ओ-यू, ‘ज’साठी डी-जे किंवा डी-आय-ए. वर मी जाबाते लिहिलं, त्याचं रोमन स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने वाचणारा ‘डायबेट’ म्हणेल. एका पद्धतीने सापडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीने लिहून बघा.

ऐकायचं कसं

सापडलेलं संगीत पहिल्या अर्ध्या मिनिटात आवडेल अशी अपेक्षा धरू नका. कान तयार व्हायला वेळ लागतो, ख्यालाला नव्हता का लागला?

कोराचंच घ्या. मोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या भागावर कातडं ताणलेलं, वर लांब दांडी, २१ तारा. वादक ते वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो. दोन्ही हातांचे अंगठे आणि दोन्ही तर्जन्या, अशी चारच बोटं तारांवर चालतात. अंगठ्यांनी एक फिरता तुकडा चालू राहतो, त्याला कुंबेंगो म्हणतात. त्याच्यावर वरून खाली झरझर उतरणाऱ्या तानांसारख्या जागा येतात, त्या बिरिमिंतिंगो. पहिल्यांदा ऐकताना फक्त अंगठे ऐका. तबल्याच्या एकल वादनात लेहरा कानात बसतो तसा कुंबेंगो बसू द्या. दुसऱ्यांदा ऐकताना तर्जनीकडे लक्ष द्या : ती कुठे निसटते, कुठे येऊन मिळते. तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र. तिसऱ्या वेळेआधी मी वहीत मत लिहीत नाही.

चांगले हेडफोन असले तर उत्तम. फोनच्या स्पीकरवर अंगठ्यांचे खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि कोरा नुसताच किणकिणत राहतो.

दुसऱ्याच्या कपाटात डोकावा

बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. एखाद्या चित्रावर दाबलं की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. तुम्हाला आवडलेला अगदी दुर्मीळ अल्बम ज्याने पैसे मोजून घेतलाय, त्याची आवड तुमच्याशी जुळायची शक्यता मोठी. अशी चार-पाच माणसं हेरून ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांच्या कपाटात डोकवा. पानाच्या तळाशी असलेले गावांचे, वाद्यांचे टॅगही उपयोगी पडतात.

आवडलं तर विकत घ्या. डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा बँडकॅम्प ठेवतं, पैसे भरण्याचा खर्च वेगळा, आणि उरलेलं कलाकाराला किंवा त्याच्या कंपनीला जातं. विकत घेण्याचं माझं दुसरं कारण अनुभवाचं आहे. गाण्याच्या एका अ‍ॅपवर मी दोन वर्षं जपलेला अल्बम एका सकाळी यादीतून नाहीसा झाला. राहिली ती फक्त राखाडी अक्षरातली शीर्षकं. तेव्हापासून जे खरंच हवं ते उतरवून दोन ठिकाणी ठेवतो.

आणि आपल्याच गावात

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं नाव आज इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जगात आदराने घेतलं जातं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी अनेक वर्षं गिटार आणि कीबोर्ड वाजवले. १९८२ मध्ये नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग बसवून त्यांनी एक रेकॉर्ड केली. ती फारशी कुणी घेतली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं : शिकागोत अ‍ॅसिड हाउस म्हणून जो बाज पुढे गाजला, त्याचे सूर आणि तीच यंत्रं इथे काही वर्षं आधीच वाजलेली होती. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. गाजलेल्या चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत अशी आणखी कितीतरी नावं बसलेली आहेत, त्यांच्यात गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले किती!

गोव्यात गेलात तर सोनिया शिरसाट यांचा फादो हा पोर्तुगीज गायनप्रकार ऐका आणि मग लिस्बनकडे वळा. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जुन्या संस्थांच्या आणि गावोगावच्या छोट्या मंडळांच्या बैठकांना जा. कार्यक्रम संपल्यावर साथीदारांना भेटून विचारा : ‘तुमचं स्वतंत्र वादन कुठे ऐकायला मिळेल?’ आणि, ‘तुम्ही स्वतः कुणाला ऐकता?’ या दुसऱ्या प्रश्नाने मला जितकी नावं दिली तितकी कुठल्याच यादीने दिली नाहीत.

शेवटचं काम माळ्यावरचं आहे. घरात जुन्या कॅसेटी असतील तर खाली काढा. भारुडं, शाहिरी, वगनाट्य, कोळीगीतं, गावच्या भजनी मंडळाची एखादी. यातल्या पुष्कळ गोष्टींची डिस्कॉग्जवर नोंदच नाही. खातं उघडलं की कुणालाही नोंद करता येते. डबीच्या दोन्ही बाजूंचे आणि आतल्या कागदाचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, ए आणि बी बाजूची गाणी क्रमाने लिहा, कॅसेटचा क्रमांक टाका, आणि साथीदारांची नावं छापली असतील तशीच उतरवा. माझ्यासमोर आत्ता लावण्यांची एक कॅसेट आहे. आतल्या कागदावर गायिकेचं नाव पूर्ण आहे, ढोलकीवाल्याचं फक्त आडनाव. बाकी सगळी नोंद करून ठेवली आहे. त्यांचं पूर्ण नाव मिळावं म्हणून पुढच्या आठवड्यात त्या वेळच्या एका फडमालकांना भेटायला जायचं आहे.